रताळ्याचे काप : साल लाल, पण आतून कोणता रंग?



महाशिवरात्र झाली की आठवडी बाजारात रताळ्याचा भाव उतरतो. उपवासाआधी घासाघीस करून घेतलेली रताळी चार दिवसांनी ढिगाने पडलेली असतात. आमच्या गटाने ठरवलं, हीच वेळ साधायची, वेफर्स करून विकायचे. माल चांगला झाला. पाकिटावर आम्ही हौसेने लिहिलं, ‘अ जीवनसत्त्वाने भरपूर, डोळ्यांसाठी उत्तम’. प्रदर्शनात एका अंगणवाडीताईंनी पाकीट उचललं, उजेडात धरलं आणि विचारलं, “ही रताळी आतून पांढरीच होती ना गं? मग अ जीवनसत्त्व आलं कुठून?”

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्या ताई बरोबर होत्या.

रताळ्यात तयार अ जीवनसत्त्व नसतं. त्यात बीटा कॅरोटीन नावाचं नारिंगी रंगद्रव्य असतं, आणि आपलं शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं. गाजर, लाल भोपळा, पिकलेली पपई यांचा रंग त्याचाच. म्हणजे रताळं कापून आत बघायचं. आपल्याकडे बाजारात येणारी बहुतेक रताळी लाल सालीची पण आतून पांढरी किंवा फिकट पिवळी. त्यांच्यात हे द्रव्य अगदी थोडं. सालीच्या लालीवर जाऊ नका, तो रंग वेगळा.

आतून नारिंगी असलेलं रताळं मात्र खरंच डोळ्यांच्या कामाचं. केरळात तिरुवनंतपुरमला केंद्रीय कंदपिके संशोधन संस्था आहे. तिने ‘भू सोना’ नावाचं वाण काढलंय. त्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १४ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन असतं. आफ्रिकेत मोझांबिक, युगांडा या देशांत मुलांमधली अ जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढण्यासाठी नारिंगी रताळी घरोघर पोचवली गेली. त्या कामातल्या शास्त्रज्ञांना २०१६ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्याकडे बाळाला नवव्या महिन्यापासून पाच वर्षांचं होईपर्यंत अ जीवनसत्त्वाचे डोस देतात. ते चुकवायचे नाहीतच, रताळं त्यांच्या जोडीला.

मग पांढरं रताळं टाकाऊ का? अजिबात नाही. उकडलेल्या १०० ग्रॅम रताळ्यात साधारण ८० ते ९० कॅलरी, जवळपास ३ ग्रॅम तंतुमय पदार्थ, शिवाय पोटॅशियम आणि थोडं क जीवनसत्त्व. पोट भरतं, कोठा साफ राहतो. प्रथिनं मात्र जेमतेम दीड ग्रॅम, म्हणून लेकराला नुसतं रताळं देऊन भागत नाही. सोबत दूध, दाण्याचं कूट किंवा डाळ हवी. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी उपवासाला चालतं म्हणून ताटभर खाऊ नये, कारण पीठ आणि साखर दोन्ही त्यात आहेत.

आता वेफर्सचा हिशोब करू. तळलेल्या वेफर्समध्ये तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास तेलच असतं. पंचवीस ग्रॅमचं छोटं पाकीट फोडलं तर जवळजवळ दोन छोटे चमचे तेल पोटात गेलं. सणावाराला खावेत, विकावेतही, त्यात लाज कसली! पण ते पौष्टिक म्हणून रोज मुलाच्या डब्यात घालणं माझ्या मते चुकीचं. रताळ्यात साखर असल्यामुळे ते बटाट्यापेक्षा लवकर करपतात. आच मध्यम ठेवा, फिकट सोनेरी असतानाच काढा.

रोजच्या वापराला वाळवलेले काप बरे. रताळी मातीचा कण राहणार नाही अशी धुवायची, किडलेला भाग काढायचा, पातळ काप करून लगेच पाण्यात टाकायचे. नाहीतर काळे पडतात. मग उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं काढून निथळायचे. त्याने रंग टिकतो. वाळवताना मात्र आपली कुरडया-पापडांची सवय सोडा. कडक उन्हात उघडे पसरले तर नारिंगी कापांतलं बीटा कॅरोटीन झपाट्याने उतरतं. वरून जुनं सुती लुगडं घाला, म्हणजे धूळ-माश्यांपासूनही बचाव. काप वाकला तर ओला आहे, कट्‌कन मोडला तर झाला. चार किलो रताळ्यांचे साधारण एक किलो काप पडतात, दर ठरवताना हे धरा. पहिल्या खेपेला आम्ही घाई केली, काप पूर्ण वाळले नव्हते, अर्ध्या डब्याला बुरशी आली. तो सगळा उकिरड्यावर गेला.

हे काप भिजवून भाजीत घाला, आमटीत सोडा, नाहीतर गिरणीतून दळून आणा. तीन वाट्या गव्हाच्या पिठात एक वाटी रताळ्याचं पीठ घातलं की पोळी मऊ, किंचित गोडसर होते. घावन, लापशी, घाऱ्या यांतही चालतं, आणि गूळ कमी लागतो. नारिंगी रताळ्याच्या पिठात तूप किंवा तेल थोडं तरी हवंच, स्निग्ध पदार्थाशिवाय बीटा कॅरोटीन अंगी लागत नाही. साठवणीतही ते कमी होत जातं, म्हणून पीठ वर्षभराचं न करता लागेल तेवढंच दळा.

आणखी एक. बुरशी आलेली, काळी पडून कडवट झालेली रताळी “गुरं खातील” म्हणून गोठ्यात टाकू नका. त्यात तयार होणाऱ्या विषाने गुरांच्या फुफ्फुसांना सूज येते, जनावर धापा टाकतं आणि दगावूही शकतं. चांगले वेल आणि पाला मात्र खुशाल घाला.

आमच्या पाकिटाचं सांगायचं राहिलं. अन्नाच्या जाहिरातीत दिशाभूल केली तर कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, हे आम्हाला नंतर कळलं. पण त्याआधीच, त्या ताई गेल्यावर आम्ही टेबलामागे बसून सगळी लेबलं खरवडली होती. नवी छापली त्यावर एवढंच आहे : रताळी, शेंगदाणा तेल, मीठ, आणि तळल्याची तारीख.