न दिसणाऱ्या थरावरची चकती

वाहन विशेषांकासाठी संपादकांनी मला विषय दिला होता सिरॅमिक कोटिंगचा. त्यासाठी भोसरीतल्या एका डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात गेलो. कोटिंग बाजूलाच राहिलं, मुक्काम पडला तो पॉलिशिंग मशीनपाशी. तिथल्या जुन्या पेंटरांना सगळे मामा म्हणतात. नाव छापू नये ही त्यांची अट. त्यांच्या हाताखाली एक नवा मुलगा आला होता आणि त्याच्या हाती पहिल्यांदाच मशीन द्यायचं होतं. त्यासाठी मामांनी भंगारातून एक काळं बॉनेट आणून स्टँडवर आडवं ठेवलं होतं. गिऱ्हाइकाच्या गाडीला शिकाऊ हात लागता कामा नये, हा त्यांचा नियम.

काळं बॉनेट मुद्दाम निवडलेलं, कारण काळ्यावर काही लपत नाही. मामांनी टॉर्च मारला आणि उजेडाभोवती बारीक गोल रेषांचं जाळं उठून दिसलं. टॉर्च सरकवला की गोलही त्याच्याबरोबर सरकायचे. खरं तर त्या रेषा सगळ्या दिशांना गेलेल्या असतात. त्यांतल्या ज्या उजेडाला आडव्या येतात तेवढ्याच चमकतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. हे ओरखडे बहुतेक वेळा गाडी पुसतानाच पडतात. आपल्याकडच्या धुळीत गारगोटीचे कण असतात. रंगाच्या मानाने ते फार कठीण. कोरड्या फडक्याने धूळ झटकली की तेच कण रंगावरून फरफटत जातात.

हे जाळं कुठे पडलंय, ते समजल्याशिवाय मशीनला हात लावू नये. आजच्या गाडीचा पत्रा चार थरांखाली असतो. सगळ्यात खाली गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लाखेचा थर. चारही मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन, त्यात क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे गाडीची सगळी चकाकी केसाहून बारीक थरात मावते. ऊन सोसणारी रसायनंही याच थरात असतात. तो पातळ झाला की रंग लगेच उडत नाही. काही उन्हाळे जातात, मग टपावर आणि बॉनेटवर पांढुरके चट्टे उठतात, पापुद्रे सुटतात. तिथे कुठलंही पॉलिश चालत नाही, पुन्हा रंगच मारावा लागतो.

या धंद्याचा इतिहास थोडक्यात असा. १९२३ साली जनरल मोटर्सने ओकलंड गाड्यांसाठी ड्यूपाँची ‘ड्युको’ लाख वापरायला घेतली आणि आठवडेच्या आठवडे चालणारं वार्निश वाळवणं संपलं. पण या लाखेला चमक यायची ती घासल्यावरच. त्याआधी, १९२१ मध्ये, थ्रीएमने पाण्याबरोबर वापरायचा पॉलिश पेपर बाजारात आणला होता. त्याच्या चाचणीसाठी गॅरेजांत जाणाऱ्या रिचर्ड ड्रू यांना दुरंगी गाड्या रंगवणाऱ्यांची अडचण दिसली आणि त्यातून १९२५ मध्ये मास्किंग टेप आली. मामांच्या शिष्याने बॉनेटच्या कडांना लावलेली टेप तीच. क्लिअर कोट सर्रास झाला तो १९८०च्या दशकात, आणि आपल्याकडे त्याहूनही उशिरा.

मामा शिकले ते प्रीमियर पद्मिनीवर. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या त्या गाडीचा रंग एकाच थराचा. उन्हाने तो खडूसारखा पडायचा, मग कंपाउंड लावून घासायचा. घासताना फडक्याला गाडीचा रंग लागायचा. किती निघतोय, कुठे थांबायचं, हे फडकं बघून कळायचं. क्लिअर कोटच्या गाडीवर फडक्याला फक्त पांढरट कंपाउंड लागतं. थर निघत असतो, पण डोळ्यांना काही दिसत नाही. आणि अशा गाडीवर फडक्याला रंग लागलाच, तर पारदर्शक थर पार गेलेला असतो. मामांच्या बोलण्यातली ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. हाताच्या जुन्या कसबाला जी खूण मिळत होती, ती नव्या रंगाने काढून घेतली.

म्हणूनच मशीन कुठलं, हा प्रश्न मोठा होतो. गॅरेजात सर्रास दिसतं ते रोटरी. त्याची चकती मोटरच्या दांड्यावर सरळ बसवलेली असते आणि एकाच केंद्राभोवती फिरते, मिनिटाला साधारण ६०० ते ३००० फेरे. कापते जोरात, पण सगळी घासाघीस एकाच दिशेने होते. एका जागी क्षणभर रेंगाळलं की उष्णता साठते. कसबी माणूस रोटरीवर आरशासारखं काम करतो. नवख्याच्या हातून मात्र उन्हात दिसणारे लाटांसारखे पट्टे उमटतात आणि कडेवर तर थेट प्रायमर दिसू लागतो. काही ठिकाणी लोखंड कापायच्या ग्राइंडरलाच लोकरीचा पॅड बसवून काम भागवतात. त्याचा वेग मिनिटाला दहा हजारांच्या पुढे. हा प्रकार बंदच व्हायला हवा.

मामांनी मुलाच्या हातात दिलं ते ड्युअल अ‍ॅक्शन, गॅरेजच्या बोलीत ‘डीए’. या यंत्राने मला धरून ठेवलं. यात मोटरचं केंद्र आणि चकतीचं केंद्र एका रेषेत नसतं. १५ मिलिमीटरच्या मशीनमध्ये दोन केंद्रांत साडेसात मिलिमीटर अंतर असतं, त्यामुळे चकती १५ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात मिनिटाला काही हजार वेळा घुमते. हे घुमणं मोटर जबरदस्तीने करवते. स्वतःभोवती फिरणं मात्र जबरदस्तीचं नाही. चकती एका मोकळ्या बेअरिंगवर बसवलेली असते आणि घुमण्याच्या ओढीने आपोआप फिरू लागते. जोरात दाबा, तिरकं धरा, कडेवर न्या. चकती फिरायची थांबते. घुमत राहते, पण कापणं जवळपास बंद पडतं. पॅडवरचा एकही कण तोच मार्ग पुन्हा पुन्हा घासत नाही, म्हणून उष्णता कमी आणि पट्टे जवळजवळ नाहीत. केंद्र बाजूला असल्याने येणारा हादरा आवरायला आत एक प्रतिवजन असतं आणि ते ठरावीक मापाच्या चकतीसाठीच तोललेलं असतं. भलत्या मापाची चकती लावली की मशीन हातात थरथरतं.

जोर लावला की माघार घेणारं यंत्र! अवजारांच्या जगात हे दुर्मीळ आहे. बहुतेक यंत्रं अननुभवी माणसाच्या चुकीला आणखी बळ देतात. हे ती चूक तिथेच थांबवतं.

मामांनी आधी चकतीच्या पाठीवर मार्करने एक जाड रेघ ओढली. रेघ फिरताना दिसली तर काम होतंय, थिजली तर हात चुकतोय. मग पॅडवर कंपाउंडचे चार थेंब. मशीन बंद ठेवून ते दोन फूट बाय दोन फुटांच्या चौकोनात टेकवत पसरलं. पॅड पत्र्याला टेकल्यावरच खटका दाबायचा, नाहीतर कंपाउंड भिंतीवर उडतं. मुलाने खटका दाबला आणि पहिल्याच झटक्यात मशीनला गच्च धरलं, दाबलं. रेघ थिजली. “अरे पोरा, ढकलू नकोस. त्याचं वजन त्यालाच उचलू दे,” मामा म्हणाले. हात सैल झाला, रेघ फिरू लागली. मग सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर इतक्या संथपणे आडवे पट्टे, प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढलेला; त्यानंतर तसेच उभे. अशा चार-पाच फेऱ्यांनी एक चौकोन पुरा. घाई हाच नवख्याचा खरा शत्रू आहे. मशीनचा आवाज मोठा, त्यामुळे हातही भरभर पळू पाहतो.

पुसल्यावर मुलाने टॉर्च मारला. चौकोनाच्या आत जाळं गेलं होतं, बाहेर तसंच होतं. त्याने मामांकडे पाहिलं. मामा तोवर स्पिरिटचं फडकं शोधत होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्याशिवाय ते निकाल मानत नाहीत. काही पॉलिशमधलं तेल ओरखड्यांत भरून बसतं, गाडी चकचकीत दिसते आणि चार धुण्यांत जाळं परत वर येतं. स्पिरिटने तेल निघतं आणि खरं काय ते दिसतं. नखाला अडकणारा चरा मात्र त्यांनी तसाच सोडला. तो घालवायचा म्हणजे भोवतालचा सगळा थर त्याच्या तळापर्यंत उतरवायचा.

इथपर्यंत सगळं चांगलं होतं. काळजी वाटते ती पुढे. सौम्य डीएनेही एका नीट पॉलिशला दोन-चार मायक्रॉन जातात. ४०-५० मायक्रॉनच्या थराला हे वर्ष-दोन वर्षांनी एकदा सोसतं, दर सर्व्हिसिंगला नाही. पण दर सर्व्हिसिंगच्या बिलात ‘रबिंग-पॉलिश’ची ओळ असते, आणि बहुतेक मालक ती आनंदाने भरतात, कारण गाडी घरी येते तेव्हा चमकत असते. त्या ओळीखाली काय खर्ची पडलं, हे कुणी मोजत नाही. मोजण्याचं साधन आहे. हातात मावणारा मीटर लोखंडी पत्र्यावर चुंबकीय प्रवर्तनाने आणि अ‍ॅल्युमिनियमवर एडी करंटने जाडी सांगतो. मूळ रंग असेल तर आकडा शंभरच्या आसपास येतो. अडीचशे-तीनशे आला तर पुन्हा रंग झालेला, आणि खूपच पुढे गेला तर खाली लांबी भरलेली. मीटर सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतो, क्लिअर कोट वेगळा दाखवत नाही. प्लॅस्टिकच्या बंपरवर तर साधा मीटर चालतच नाही, आणि बंपरवर उष्णता साठायची भीती सगळ्यात जास्त. तरीही अजिबात न मोजण्यापेक्षा हे कितीतरी बरं. मामांकडे मीटर आहे. त्यांनी तो स्वतःच्या पैशांनी घेतला.

सिरॅमिक कोटिंगबद्दलही मामा स्पष्ट बोलले. कोटिंग थराला जपतं, पण गेलेला थर भरून देत नाही. जाळं न काढता त्यावर कोटिंग चढवलं तर तेच जाळं खाली बंद होतं.

आणि माणसांचं काय? दिवसभर कंप पावणारं यंत्र धरणाऱ्यांच्या बोटांना वर्षांनंतर बधिरपणा येतो, थंडीत बोटं पांढरी पडतात. हा जगभर ओळखला गेलेला व्यवसायजन्य आजार आहे. वाळलेल्या कंपाउंडची धूळ नाकात जाते. त्या मुलाच्या तोंडावर मास्क होता, मामांनी सक्तीने लावायला लावलेला. शेजारच्या गॅरेजात कुणाच्याही तोंडावर नव्हता. कामगाराला मास्क, हातमोजे आणि तासातासाला विश्रांती देणं फार महाग नाही. गिऱ्हाइकाने त्याचे पैसे मोजायला तयार असलं पाहिजे.

पॉलिशची गरजच कमी पडावी, हा खरा उपाय. सोसायटीत पहाटे गाडी पुसणारा एकाच बादलीत एकच फडकं बुडवून ओळीने गाड्या पुसतो. त्याला दोष देऊ नका, त्याला मिळणाऱ्या पैशांत तेवढंच बसतं. त्याला दोन बादल्या, दोन मायक्रोफायबर फडकी आणि थोडे जास्त पैसे द्या. आधी पाणी ओतून धूळ उतरवायला सांगा, टपापासून खाली यायला सांगा. बोअरचं पाणी उन्हात गाडीवर वाळू देऊ नका. सर्व्हिसिंगला गाडी देताना जॉब कार्डवर ‘रबिंग-पॉलिश’ लिहिलेलं दिसलं तर ते खोडायला लावा. पॉलिश करवून घ्यायचीच वेळ आली, तर मशीन कुठलं आहे ते आधी विचारा आणि प्रत्येक पत्र्याचे मीटरवरचे आकडे कागदावर लिहून मागा.