परक्याचा कुत्रा : जांगडीवर घेतलेला जीव

कापडाच्या व्यापारात जांगड हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. जांगडीचा माल आपण विकत घेतलेला नसतो. तो पसंतीसाठी ताब्यात असतो आणि पसंत न पडल्यास जसा आला तसा परत करावा लागतो. मध्यंतरी त्याला डाग पडला किंवा उंदराने कुरतडला, तर जबाबदारी ज्याच्या ताब्यात माल आहे त्याची. आज आम्ही ज्या धंद्याची माहिती देणार आहोत तोही एका अर्थाने जांगडीचाच आहे. मात्र यात ताब्यात येणारा माल श्वास घेतो, घाबरतो आणि वेळप्रसंगी चावतोही. हा धंदा म्हणजे दुसऱ्यांची कुत्री सांभाळणे.

मोठ्या शहरांत नवरा-बायको दोघेही नोकरीवर जातात. घरी कुत्रा पाळलेला असतो. त्याला सकाळ-संध्याकाळ फिरवायचे कोणी, आणि सारे घर गावाला गेले तर त्याला ठेवायचे कोठे, हा प्रश्न पडतो. त्यासाठी लोक मेहनताना देऊन माणूस लावतात. कोणी मालकाच्या घरी जाऊन काम करतो, कोणी कुत्रा आपल्या जागेत ठेवून घेतो.

आमचा एक भाचा मालेगावात यंत्रमाग चालवीत असे. तो बंद पडल्यावर २०२१ साली त्याने पुण्यात हे काम धरले. नातेवाइकांनी नाके मुरडली. नाके मुरडणाऱ्यांत आम्हीही होतो, हे कबूल केले पाहिजे. पुढे वसुलीच्या निमित्ताने पुण्यास जाणे-येणे झाले, त्याचे काम जवळून पाहिले, तेव्हा कळले की यालाही कापडाच्या पारखीइतकीच नजर लागते. अनेक तरुण या कामाकडे वळत आहेत. त्यांच्यासाठी हा लेख.

मसला आधी

वाचकांच्या मनात पहिला प्रश्न पाकी-नापाकीचा येणार. कुत्र्याची लाळ लागल्यास कपडे व भांडी कशी पाक करावीत, याबाबत हनफी व शाफई मसलकांचे नियम वेगळे आहेत. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. भाच्याने कामाचे कपडे व चपला अगदी वेगळ्या ठेवल्या आहेत आणि नमाजचे कपडे वेगळे. परंतु नापाकीचा मसला म्हणजे नफरतीची परवानगी नव्हे. तहानेने व्याकूळ झालेल्या कुत्र्याला आपल्या चामडी मोज्यात विहिरीचे पाणी भरून पाजणाऱ्या माणसाची मगफिरत झाली, ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ज्याच्याशी मेहनतान्याचा करार झाला, त्या जिवाची हेळसांड करणे तर अमानतीतली खयानतच ठरेल.

ताब्यात घेण्यापूर्वी

जांगडीची चिठ्ठी केल्याशिवाय कोणी माल उचलत नाही. येथेही तोच कायदा. काम ठरण्यापूर्वी कुत्र्याची एकदा मालकासमक्ष भेट घ्यावी आणि वहीत पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात : वय, जात, खाणे किती व किती वाजता, औषधे कोणती, कशाला घाबरतो, पूर्वी कोणाला चावला आहे काय, इतर कुत्र्यांशी कसा वागतो. लसीकरणाचे कार्ड डोळ्यांनी पाहावे. रेबीजची लस वेळेवर दिलेली असली पाहिजे आणि पार्व्हो, डिस्टेंपर यांसारख्या रोगांचीही. एका कुत्र्याचा पार्व्हो सबंध जागेत पसरू शकतो. पिल्लांना तो बहुधा जिवावर बेततो. नेहमीच्या पशुवैद्याचा फोन घ्यावा. मालकाशी संपर्क न झाल्यास किती खर्चापर्यंत उपचार करावेत, हेही लिहून त्याची सही घ्यावी. अडचणीच्या रात्री हीच चिठ्ठी कामास येते.

कुत्र्याची भाषा

कापडाचा पोत हाताला कळतो, तसा कुत्रा नजरेला कळला पाहिजे. शेपटी हलली म्हणजे कुत्रा खूश, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. अंग सैल, शेपटी मध्यावर आणि सारे कंबरडे तिच्याबरोबर डुलते आहे, तर तो खूश आहे. शेपटी ताठ उभी असून टोकच थरथरत असेल आणि अंग कडक झाले असेल, तर तो इशारा आहे. शेपटी पायांत गेली तर तो घाबरलेला आहे. घाबरलेला कुत्राही चावतो.

चावण्यापूर्वी कुत्रा बहुधा अनेकदा सांगून पाहतो. झोप आलेली नसता जांभई देतो, पुढे खाणे नसता ओठ चाटतो, तोंड फिरवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरपे पाहतो, एकाएकी दगडासारखा स्तब्ध होतो. मग गुरगुरतो. यातील कोणतीही खूण दिसली की आपण मागे सरावे. गुरगुरल्याबद्दल मारणे ही मोठी चूक आहे. मार खाऊन कुत्र्याची भीती जात नाही, फक्त गुरगुरणे जाते. असा कुत्रा पुढे न सांगता चावतो.

नवीन कुत्र्याकडे सरळ चालून जाऊ नये, वाकून डोक्यावर हात ठेवू नये, डोळ्यांत रोखून पाहू नये. बाजूला वळून उभे राहावे आणि त्याला येऊन वास घेऊ द्यावा. तो आपणहून जवळ आला तर छातीपाशी किंवा खांद्याजवळ खाजवावे.

मालक गेल्यानंतरचा पहिला दिवस त्याला जड जातो. तो दाराशी बसून राहतो, जेवत नाही. यासाठी एक सोपा उपाय आहे आणि तो आमच्याच धंद्यातला आहे. मालकाचा वापरलेला, न धुतलेला सदरा किंवा चादर मागून घ्यावी व त्याच्या अंथरुणात ठेवावी. घरच्या वासाने त्याला धीर येतो. खाण्याच्या व फिरण्याच्या वेळा घरच्याच ठेवाव्यात. मात्र एक दिवस उलटूनही तो काहीच खात नसेल, पाणी पीत नसेल, उलट्या करीत असेल, तर डॉक्टरकडे न्यावे. पिल्लू असेल तर एवढी वाटही पाहू नये. निरोगी कुत्र्याच्या अंगाची उष्णता सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. आपल्या अंगाशी तुलना करून ताप आल्याचा समज करून घेऊ नये.

आपले स्वयंपाकघर आणि त्याचे पोट

कुत्रा घरी ठेवणाऱ्यांनी हा भाग घरातील बायका-मुलांनाही वाचून दाखवावा. मनुका व द्राक्षे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. म्हणजे ईदच्या दिवशी प्रेमाने पुढे केलेली शीरखुर्म्याची वाटी त्याला विष ठरू शकते. कांदा व लसूण, कच्चे असोत वा शिजवलेले, त्याचे रक्त खराब करतात, म्हणून बिर्याणीचा उरलेला भात व सालनही नको. शिजवलेल्या हाडाच्या टोकदार चिपा होतात व त्या घशात किंवा आतड्यात रुततात. चॉकलेट वर्ज्य आहे. बिनसाखरेच्या काही च्युइंगममध्ये झायलिटॉल असते, तेही त्याला विषारी आहे. मालकाने दिलेलेच अन्न मोजून द्यावे. पाहुणचार करू नये.

उन्हाळा आणि पावसाळा

कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. पंजांना थोडासा येतो. तो धापा टाकूनच अंग थंड करतो. चपट्या नाकाच्या पग, बुलडॉग जातींना तेही नीट जमत नाही. म्हणून उन्हाळ्यात सूर्य वर येण्यापूर्वी व मावळल्यानंतरच फिरवावे. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू ठेवून पाहावी. सात सेकंद ठेववत नसेल तर त्या रस्त्यावर कुत्र्याचे पंजे भाजतील. बंद मोटारीत त्याला पाच मिनिटेही सोडू नये. धाप थांबत नाही, लाळ दाट झाली, पाय लटपटू लागले, तर ऊन लागले असे समजावे. सावलीत नेऊन अंगावर थंड पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच दवाखाना गाठावा.

पावसाळ्यात उंदरांच्या मुतामुळे साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा धोका असतो, कुत्र्याला आणि आपल्यालाही. डबकी टाळावीत, परतल्यावर त्याचे पाय कोरडे करावेत. कानांत, बोटांच्या बेचक्यांत व गळपट्ट्याखाली गोचीड पाहावी. गोचिडीपासून येणारा ताप पुष्कळ कुत्र्यांचा जीव घेतो.

चावा घेतला तर

या धंद्यात कधी ना कधी दात लागतोच. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही, असेच समजावे. पण वेळेवर उपचार झाल्यास हा रोग टाळता येतो. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, हळद, चुना लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. कातडीत देण्याच्या लसीचे दिवस ०, ३, ७ व २८ असे असतात. दंडात घेण्याची लस असेल तर १४ व्या दिवशीही एक घ्यावी लागते. रक्त निघाले असेल तर जखमेत द्यावयाचे वेगळे इंजेक्शनही लागते. कुत्र्याचे कार्ड पूर्ण आहे म्हणून घरी बसू नये. त्याला दहा दिवस नजरेखाली ठेवावे, पण आपली लस त्यासाठी थांबवू नये. हे काम कायमचे करणाऱ्याने डॉक्टरच्या सल्ल्याने चावण्याआधीच प्रतिबंधक लस घेऊन ठेवलेली बरी.

हिसाब आणि कायदा

दर गावागणिक व वस्तीगणिक बदलतो, म्हणून आकडा देत नाही. पण हिसाब करताना जाण्या-येण्याचा वेळ, पेट्रोल, साफसफाई, सुटीच्या दिवसांचे बंधन आणि दवाखान्याच्या फेऱ्या धराव्यात. नुसता फिरवण्याचा अर्धा तास धरल्यास धंदा तोट्यात जातो. हात दोनच आहेत. एका वेळी आठ-आठ दोऱ्या धरून चालणाऱ्याचा गल्ला भरलेला दिसतो, पण त्यातील एक दोरी सुटली की सारी साख जाते.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार कुत्र्याला गैरवाजवी काळ आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, ताब्यातील जनावराबाबत हयगय करून माणसाच्या जिवाला धोका होऊ दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा ताबा कोणाकडे होता हे पाहतो, केवळ मालक कोण हे नव्हे. मुंबई-पुण्यात कुत्र्यासाठी महापालिकेचा परवाना लागतो, तो मालकाने काढला आहे काय, हेही विचारून घ्यावे.

एका रात्रीची गोष्ट

२०२३ च्या दिवाळीत आम्ही भाच्याच्या घरी होतो. त्याच्याकडे एक लॅब्राडोर ठेवायला आला होता. मालक परदेशी गेलेले. माणसाचा कान सुमारे वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो, कुत्र्याचा त्याच्या दुपटीहून अधिक. फटाक्यांचा आवाज त्याला कसा वाटत असेल याची कल्पना करावी. सायंकाळी फिरवताना बाजूलाच एक सुतळी बॉम्ब फुटला. कुत्र्याने मान मागे ओढली, गळपट्टा डोक्यावरून निघाला आणि तो अंधारात पळाला.

भाचा मालकाला फोन लावू लागला. आम्ही त्याचा हात धरला. म्हटले, "बेटा, आधी शोधू. सापडला तर सांगायची गरजच नाही." तीस वर्षे व्यापार केलेल्या माणसाचा हा सल्ला होता.

तो म्हणाला, "मामू, माल त्यांचा आहे. माहिती त्यांची आधी." आणि त्याने फोन केला.

पलीकडून रागाचे चार शब्द आले, ते त्याने ऐकून घेतले. मग मालकाने एक गोष्ट सांगितली. हा कुत्रा घाबरला की उभ्या गाड्यांखाली शिरतो, हाक मारली तर आणखी आत सरकतो, पण घरच्या मोटारीचा आवाज ओळखतो. मालकाची म्हातारी आई त्याच शहरात राहत होती. त्यांनी ड्रायव्हरसह ती मोटार पाठवली. ती गल्लीबोळांतून हळूहळू फिरवली. पहाटे साडेचारच्या सुमारास एका मालट्रकखालून कुत्रा बाहेर आला आणि मोटारीच्या दाराशी येऊन उभा राहिला.

आमचा सल्ला मानला असता तर आम्ही रात्रभर हाका मारीत राहिलो असतो, आणि तो आत सरकत राहिला असता.

त्या दिवसापासून भाचा गळपट्टा व छातीचा पट्टा दोन्ही बांधतो आणि दोन दोऱ्या वापरतो. घेताना कुत्रा कशाला घाबरतो हे विचारतोच, शिवाय घाबरल्यावर कोठे जातो आणि कोणत्या आवाजाला येतो, हेही लिहून घेतो. दिवाळीत दिवस मावळण्यापूर्वी फिरवून आणतो व खिडक्या लावून घेतो. त्या मालकाने या रात्रीनंतरही कुत्रा दुसरीकडे नेला नाही. आजही तो त्याच्याकडेच येतो.

या धंद्यात येऊ इच्छिणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे एवढेच की, वही आणि दोन दोऱ्या आधी घ्या, गिऱ्हाईक मग शोधा. आणि चूक झाली तर तो फोन पहिल्या मिनिटाला करा.