आजीचा फोन

यंदा आमच्या वर्गातल्या एकीची आजी नाशिकहून सहा महिन्यांसाठी आली. एके दुपारी ती एकटीच फिरायला निघाली आणि रस्ता चुकली. हातात भारतातला फोन होता, पण त्याचे सिम येथे चालत नव्हते. शेवटी एका शेजारीणबाईंनी तिला घरी आणून सोडले. "मला एक साधा फोन घेऊन द्या गं," एवढेच आजी म्हणाली. दुकानात मात्र लांबचा करार पुढे केला आणि सोशल सिक्युरिटी नंबर मागितला. पाहुण्या आजीकडे तो कुठून असणार? म्हणून आम्ही सर्वांनी मिळून बिनकराराच्या, म्हणजे प्रीपेड, फोनची माहिती जमवली.

अमेरिकेत देशभर जाळे असलेल्या मोठ्या कंपन्या तीन: व्हेरायझन, एटी अँड टी आणि टी-मोबाईल. बाकीची बहुतेक स्वस्त नावे यांच्याच मनोऱ्यांवर चालतात. क्रिकेट एटी अँड टीची आहे, व्हिजिबल व्हेरायझनची, तर मिंट २०२४ साली टी-मोबाईलने विकत घेतली. स्वस्त प्लॅनमध्ये गर्दीच्या वेळी इंटरनेट मंद होऊ शकते. आजीला त्याची फारशी अडचण नाही. प्रीपेडचे पैसे आधीच भरायचे असल्याने सोशल सिक्युरिटी नंबरही साधारणपणे लागत नाही.

प्लॅन घेण्यापूर्वी आम्ही पुढील गोष्टी पाहिल्या:

१. घरात आणि फिरायच्या वाटेवर कोणाचा सिग्नल चांगला येतो? शेजाऱ्यांना विचारावे.

२. डेटा किती लागतो? आजी घरी वाय-फायवर व्हॉट्सॲप वापरते, म्हणजे बाहेर थोडाच पुरतो.

३. एकूण खर्च किती? समजा, जाहिरातीत "महिना १५ डॉलर" आहे, पण बारीक अक्षरांत वर्षाचे पैसे आगाऊ मागितले आहेत. म्हणजे १८० डॉलर झाले. दुसरा प्लॅन महिना २५ डॉलरचा, पण हवा तेव्हा बंद करता येतो. सहा महिन्यांचे १५० डॉलर! आजीसाठी "महाग" प्लॅनच स्वस्त पडला. कर वेगळा आहे का, तेही विचारावे.

४. भारतातला फोन चालेल का? तो अनलॉक्ड हवा. शिवाय २०२२ मध्ये मोठ्या कंपन्यांनी ३जी बंद केले, त्यामुळे ४जीवरून बोलण्याची सोय, म्हणजे व्होल्टे, हवी. *#०६# दाबल्यावर येणारा आयएमईआय क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

५. भारतातले सिम फेकू नये. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. रिचार्ज चालू ठेवावे.

येथे राहणाऱ्यांसाठी आणखी एक: कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येतो. ही सोय २००३ पासून आहे. मात्र नवा फोन सुरू होईपर्यंत जुनी सेवा बंद करू नये, नाहीतर नंबर हातचा जाईल.

आणि सर्वांत महत्त्वाचे: प्लॅन संपला तरी, सिग्नल असेल तेथे, चालू फोनवरून ९११ लावता येतो. हे आम्ही आजीला दोनदा सांगितले. घरचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या पिशवीतही ठेवला.

आता आजी रोज फिरायला जाते. तुमच्याकडे आजी-आजोबा येणार असतील, तर ते विमानात बसण्यापूर्वीच ही पाच उत्तरे काढून ठेवा.