‘समया’ला बोलते करणारा पटकथाकार

दूरदर्शनवर २ ऑक्टोबर १९८८ रोजी बी. आर. चोप्रा यांची ‘महाभारत’ मालिका सुरू झाली, तेव्हा प्रेक्षकांना प्रथम भेटला तो कृष्ण नव्हे आणि भीष्मही नव्हे. फिरत्या चक्राच्या पार्श्वभूमीवर एक धीरगंभीर आवाज उमटला आणि त्याने स्वतःची ओळख ‘समय’ अशी करून दिली. ९४ भागांच्या या महामालिकेचा हाच सूत्रधार. आवाज हरीश भिमाणी यांचा होता, शब्द मात्र डॉ. राही मासूम रझा यांचे. भिमाणींचा स्वर घराघरांत ओळखीचा झाला. राहींचे नाव श्रेयनामावलीत येई आणि निघून जाई. पटकथाकाराच्या वाट्याला बहुधा हेच येते. पण हा ‘समय’ कुठून आला, हे पाहू लागले की लेखकाच्या नावापाशी थांबावेच लागते. तो दूरचित्रवाणीसाठी योजलेली क्लृप्ती नव्हता. त्याच्या बावीस वर्षे आधी, एका कादंबरीत, राहींनी त्याला कथानायकाचे स्थान दिले होते.

उत्तर प्रदेशाच्या पूर्व टोकाला, गंगेकाठच्या गाझीपूर जिल्ह्यात गंगौली नावाचे गाव आहे. तेथील एका शिया जमीनदार कुटुंबाशी राहींचे नाते. जन्म १९२७ चा. लहानपणीच्या आजारपणामुळे पायात कायमचे अधूपण आले. थोरले बंधू मूनिस रझा पुढे भूगोलतज्ज्ञ आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. राहींनी अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ या उर्दूतील प्रचंड अद्‌भुतकथेवर संशोधन करून डॉक्टरेट मिळवली आणि काही काळ तेथेच अध्यापन केले. कथेत कथा गुंफत, श्रोत्याला महिनोन्‌महिने खिळवून ठेवणाऱ्या दास्तानांचा हा अभ्यासक पुढे दर रविवारी देशाला कथा सांगणार होता. आपण तीन मातांचे पुत्र आहोत, असे राही म्हणत : जन्मदात्री नफीसा बेगम, अलीगढ विद्यापीठ आणि गंगा.

‘आधा गाँव’ ही त्यांची कादंबरी १९६६ मध्ये देवनागरी लिपीत प्रसिद्ध झाली. फाळणीच्या आधीची आणि नंतरची गंगौली तिच्यात आहे. मोहरमचे ताजिये, भाऊबंदकी, जमीनदारीचा अस्त आणि पाकिस्तान नावाच्या, कोणालाच नीट न उमगलेल्या देशाचे गावावर पडणारे सावट हा तिचा ऐवज. पाकिस्तानचा प्रचार करायला अलीगढहून आलेल्या विद्यार्थ्यांना गावकरी साधे प्रश्न विचारतात आणि त्या शिकलेल्या तरुणांना धड उत्तरे देता येत नाहीत. कादंबरीची भूमिका राहींनी आरंभी न देता मध्येच घातली. आपण या मातीचे आहोत, आपले गंगौलीशी असलेले नाते कोणालाही तोडता येणार नाही, असे त्यांनी तेथे निक्षून सांगितले. ही कथा कोणा एका व्यक्तीची वा घराण्याची नसून गंगौलीतून वाहत गेलेल्या काळाची आहे, हेही त्यांनीच स्पष्ट केले. माणसे येतात, जातात; टिकतो तो काळ, आणि कथेचा नायक होण्याची योग्यता त्याचीच, हा विचार ‘टोपी शुक्ला’मध्येही पुन्हा भेटतो.

या कादंबरीतील भोजपुरी वळणाची बोली आणि त्यातील शिव्या यांवरून मोठे वादंग झाले. जोधपूर विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात तिचा समावेश होताच गदारोळ उठला. अशा आक्षेपांना राहींचे उत्तर ठरलेले होते. आपली पात्रे गीता बोलतील तर आपण श्लोक लिहू. ती शिव्या देत असतील तर शिव्याच लिहू, असे त्यांनी ‘ओस की बूँद’ या १९७० च्या कादंबरीच्या प्रास्ताविकात म्हटले होते. त्यांची पात्रे एक दिवस खरोखरच गीता बोलतील, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नसेल.

साठच्या दशकाच्या अखेरीस राही मुंबईत आले आणि चित्रपटांच्या लेखनावर चरितार्थ चालवू लागले. या व्यवसायात कथा, पटकथा आणि संवाद ही तीन कामे अनेकदा तीन वेगळ्या माणसांकडे असतात. राहींची ख्याती प्रामुख्याने संवादांसाठी झाली. राज खोसला यांच्या ‘मैं तुलसी तेरे आँगन की’ (१९७८) या चित्रपटाच्या संवादांसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. हा चित्रपट चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘अशी तुझी प्रीत’ या मराठी कादंबरीवर बेतलेला होता, हे मराठी वाचकाला सांगायला हवे. पुढच्याच वर्षी आलेल्या हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘गोलमाल’चे संवादही राहींचेच. अमोल पालेकर यांचा रामप्रसाद नोकरीसाठी संस्कृतप्रचुर हिंदीचा अंगरखा चढवतो आणि त्याचा ‘जुळा भाऊ’ लक्ष्मणप्रसाद आधुनिक, बेफिकीर भाषेत बोलतो. माणूस एकच, भाषा दोन. उत्पल दत्त यांचे भवानीशंकर मिशीइतकेच भाषेलाही फसतात. भाषा हा मुखवटा कसा होतो, हे जाणणाऱ्या लेखकाचेच हे काम होते.

मात्र या मायानगरीविषयी राहींना भ्रम नव्हता. ‘सीन : ७५’ या १९७७ च्या कादंबरीत त्यांनी मुंबईच्या चित्रपटसृष्टीचे कडवट चित्र रेखाटले. तिचा नायक स्वतः पटकथालेखक आहे, आणि पंचाहत्तरावा प्रसंग काही त्याच्या हातून लिहून होत नाही.

‘महाभारत’ लिहिण्याचा प्रस्ताव चोप्रांनी ठेवला, तेव्हा राहींनी प्रथम नकार दिला, असे सांगितले जाते. तरीही त्यांच्या नावाची बातमी बाहेर पडली आणि हिंदूंच्या महाकाव्यासाठी मुसलमान लेखकच मिळाला काय, असे विचारणारी पत्रे येऊ लागली. ती पत्रे वाचल्यावर राहींनी नकार मागे घेतला. महाभारत ही या भूमीची कथा आहे आणि आपण गंगेचे पुत्र आहोत, ही त्यांची भूमिका होती. ज्याला त्याच्या गावातून कोणी उपरा ठरवू शकत नव्हते, त्याला त्याच्या देशाच्या महाकाव्यातून उपरा ठरवू पाहणारी ती पत्रे होती. त्यांना दिलेले खरे उत्तर म्हणजे मालिकेची संहिताच.

या कामात पंडित नरेंद्र शर्मा यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. मालिका चालू असतानाच, फेब्रुवारी १९८९ मध्ये, शर्मा निवर्तले. मालिकेने आधारग्रंथ म्हणून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीचे ऋण मान्य केले आहे. डॉ. वि. सी. सुकथनकर आदी विद्वानांच्या परिश्रमांतून सिद्ध झालेली ही आवृत्ती पूर्ण झाली तेही ‘आधा गाँव’चेच वर्ष, १९६६.

एवढा विस्तीर्ण ग्रंथ आठवड्याला एक भाग या हिशेबाने मांडायचा, तर पिढ्यांमधील अंतर ओलांडणारा, कोणाचाही पक्ष न घेणारा निवेदक हवाच. व्यास स्वतः कथेतील पात्र, संजय फक्त युद्धाचा साक्षी. ‘समय’ मात्र सर्वांच्या आधीपासून आहे आणि सर्वांच्या नंतरही राहणार आहे. त्यामुळे तो धृतराष्ट्राच्या पुत्रमोहावर बोलू शकतो, भीष्माच्या प्रतिज्ञेलाही प्रश्न विचारू शकतो आणि हे सारे ‘तेव्हा’ घडले असे न म्हणता ऐकणाऱ्याच्या वर्तमानाकडे बोट दाखवू शकतो. पहिल्याच भागात राजा भरत आपल्या पुत्रांना डावलून योग्य व्यक्तीला युवराज नेमतो. जन्म मोठा की कर्म, हा प्रश्न तेथेच रोवला जातो आणि कुरुक्षेत्रापर्यंत पाठ सोडत नाही.

संवादांची भाषा संस्कृतनिष्ठ हिंदी होती. पण तिच्या मुळाशी उर्दूची अदब होती. ‘पिताश्री’, ‘माताश्री’, ‘भ्राताश्री’ ही संबोधने या मालिकेने घरोघरी नेली. मुस्लिम घरांतील अब्बाजान, अम्मीजान, भाईजान यांच्याशी असलेले त्यांचे साम्य लपत नाही. प्रेक्षकांनी ती अस्सल प्राचीन म्हणून स्वीकारली, याहून मोठी दाद संवादलेखकाला कोणती मिळणार?

२४ जून १९९० रोजी मालिका संपली. पौराणिक मालिकांच्या लाटेने धार्मिक राजकारणाला अनुकूल वातावरण तयार केले, अशी टीका अभ्यासकांनी पुढे केली. ती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. लिहिलेल्या शब्दाचा अर्थ प्रेक्षक आपापल्या परीने लावतात आणि तेथे लेखकाचे काही चालत नाही. राहींचा शब्द मात्र अखेरपर्यंत बदलला नाही. नव्वदच्या दशकारंभी दूरदर्शनवर आलेल्या त्यांच्या ‘नीम का पेड’मध्ये पंकज कपूर यांनी बुधई साकारला. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापासून पुढच्या तीन दशकांची ही कथा सांगतो तो अंगणातला कडुनिंब. पुन्हा एक साक्षीदार, माणसांपेक्षा दीर्घायुषी.

१५ मार्च १९९२ रोजी मुंबईत राहींचे निधन झाले. यश चोप्रांचा ‘लम्हे’ जेमतेम चार महिन्यांपूर्वी प्रदर्शित झाला होता. त्याच्या संवादांनीही त्यांना फिल्मफेअर मिळवून दिले. त्याच वर्षीच्या ६ डिसेंबरला अयोध्येत जे घडले आणि त्यानंतर मुंबईत जे पेटले, ते त्यांना पाहावे लागले नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत ‘महाभारत’ पुन्हा दाखवले गेले, तेव्हा मूळ प्रक्षेपणानंतर जन्मलेली पिढीही पडद्यासमोर बसली. ‘समय’ पुन्हा बोलू लागला. त्याच्यामागे गंगौलीचा एक कादंबरीकार उभा आहे, हे त्या पिढीला कोणी सांगितले असेल, तर तिने ‘आधा गाँव’ही उघडून पाहावे.