पुनर्प्रेषण कालमापक, बिनतारी जाळ्यांतील

संगणकांच्या जाळ्यातून पाठविलेल्या पॅकेटाची (माहितीच्या लहान गठ्ठ्याची) पोच ठराविक मुदतीत न आल्यास ते पुन्हा पाठविण्यास लावणारी, प्रेषक संगणकातील व्यवस्था. इंटरनेटवरील टीसीपी या वाहतूक प्रोटोकॉलात (प्रेषक व ग्राही यांच्या देवघेवीच्या नियमसंचात) तिला मध्यवर्ती स्थान आहे. मुदत फार थोडी असल्यास वाटेत असलेल्या पॅकेटांच्याच प्रती निघून जाळ्यात कोंडी होते. फार मोठी असल्यास हरवलेल्या पॅकेटाची वाट पाहण्यात काळ वाया जातो.

मुदतीचे गणन : पॅकेट निघाल्यापासून त्याची पोच मिळेपर्यंतच्या काळास फेरीकाल म्हणतात. १९८१ च्या टीसीपी विनिर्देशानुसार सरासरी फेरीकालास एका स्थिर गुणकाने गुणून मुदत काढीत. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व बर्कली येथील विद्यापीठ यांमधील संपर्काचा वेग कोंडीमुळे सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. या अनुभवानंतर व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये फेरीकालाचे विचलनही गणनेत घेण्याची पद्धत मांडली. सध्याच्या सूत्रानुसार सरासरीत विचलनाची चौपट मिळवून मुदत ठरते. नव्या मापनाला सरासरीत १/८ व विचलनात १/४ भार देतात. उदा., सरासरी ८०० व विचलन १०० मिलिसेकंद असल्यास मुदत १,२०० मिलिसेकंद येते. त्यानंतर १,१२० मिलिसेकंदांचा फेरीकाल आढळल्यास सरासरी ८४० व विचलन १५५ होऊन मुदत १,४६० मिलिसेकंदांवर जाते. म्हणजे सरासरी केवळ ४० ने वाढली असता मुदत २६० ने वाढते. मुदत संपून पुनर्प्रेषण करावे लागल्यास प्रत्येक वेळी ती दुप्पट करतात.

बिनतारी जाळ्यांतील अडचणी : तारेच्या जाळ्यात पॅकेटे बहुधा कोंडीमुळे हरवतात, म्हणून मुदत संपताच टीसीपी प्रेषणाचा वेग एकदम उतरवितो. बिनतारी मार्गावर संकेत क्षीण झाल्याने किंवा इतर लहरींच्या व्यत्ययानेही पॅकेटे नष्ट होतात. तेथे वेग उतरविणे निरर्थक ठरते. याहून फसवी स्थिती उशिराची होय. मोबाइल जाळ्यातील रेडिओ दुवा बिघडलेले पॅकेट स्वतःच पुन्हा पाठवितो, तसेच वापरणारा एका मनोऱ्याच्या क्षेत्रातून दुसऱ्यात जाताना प्रवाह क्षणभर थांबतो. अशा वेळी पॅकेट सुखरूप असूनही मुदत संपते, अनाठायी प्रती निघतात आणि वेगही घटतो.

उपाय : इंटरनेटच्या २०११ च्या मानकाने प्रारंभिक मुदत ३ सेकंदांवरून १ सेकंदावर आणली व किमान मुदतही १ सेकंद असावी असे सुचविले, लिनक्समध्ये मात्र किमान मर्यादा सामान्यतः २०० मिलिसेकंद असते. आयफेल पद्धतीत पॅकेटावरील कालमुद्रेवरून आलेली पोच मूळ पॅकेटाची की प्रतीची हे ओळखतात आणि मुदत अनाठायी संपली असल्यास पूर्वीचा वेग परत आणता येतो. विद्युत् घटावर चालणाऱ्या लहान उपकरणांसाठी असलेल्या कोॲप प्रोटोकॉलात पहिली मुदत २ ते ३ सेकंदांमधील यदृच्छ मूल्याची असते आणि पुनर्प्रेषणे चारपुरती मर्यादित असतात, कारण प्रत्येक प्रेषणात घटाची ऊर्जा खर्च होते.

केवळ मुदत आखूड केल्याने बिनतारी मार्गाचा दोष दूर होत नाही. रेडिओ दुव्याने आपली पुनर्प्रेषणे थोडक्या काळात आटोपणे आणि कालमापकाने उशीर व हानी यांत भेद करणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक असतात.