देणगी द्यायचीय, पण बटण कुठंय?

आठवडाभर हिंजवडीत कोडिंग करून झाल्यावर वीकएण्डला काहीतरी ‘चांगलं काम’ करावं, असं तुम्हालाही कधीतरी वाटतंच ना? मला वाटलं आणि मी ते केलंही. पुण्यातल्या एका वस्तीत मुलांसाठी अभ्यासिका चालवणाऱ्या छोट्या संस्थेची वेबसाइट मी फुकटात करून दिली. एकदम स्टायलिश! आपोआप सरकणारे मोठे फोटो, पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं आणि कोपऱ्यात एक नाजूक हार्ट. त्यावर क्लिक केलं की देणगीचा फॉर्म. ऑफिसच्या ग्रुपवर लिंक टाकली, तर ‘सॉलिड यार’चा पाऊस. मी खूश!

महिन्याभराने संस्थेच्या ताईंचा फोन आला. ‘‘अगं, ते बँकेतले काका आलेत. दरवर्षी चेक आणून देतात, यंदा म्हणाले साइटवरून देतो. पण जमत नाहीये त्यांना. येतेस का जरा?’’

गेले. मनात म्हटलं, असतील कोणीतरी कम्प्युटरला घाबरणारे आजोबा. बघते तर काकांसमोर स्वतःचा लॅपटॉप, बोटं की-बोर्डवर सराईतपणे फिरतायत आणि शेजारी भिंतीला टेकवलेली पांढरी काठी. बँकेत असतानाच त्यांची दृष्टी गेली होती. खरं सांगायचं तर मी चपापले. अंध माणसाला मदत ‘द्यायची’ असते, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तो देणगीदार असेल, हे साइट करताना मनातही आलं नव्हतं.

काकांनी हेडफोन काढून आवाज मोठा केला. त्यांच्याकडे एनव्हीडीए होता. स्क्रीनवर जे असेल ते वाचून दाखवणारा हा फ्री स्क्रीन रीडर मायकेल करन आणि जेम्स तेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी 2006 मध्ये सुरू केला. माझी देखणी साइट त्यातून कशी ऐकू आली माहितीये? ‘‘ग्राफिक, आयएमजी फोर झीरो टू वन. लिंक. लिंक. लिंक.’’ त्यातली एक लिंक म्हणजे माझं ते नाजूक हार्ट. काकांनी चिकाटीने फॉर्म गाठला. तिथे ‘‘एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक.’’ नाव कुठे लिहायचं, पॅन नंबर कुठे, काही पत्ताच नाही. आणि शेवटी ‘वाकडीतिकडी अक्षरं ओळखा’!

‘‘इथे कोणाला तरी हाक मारावीच लागते,’’ काका म्हणाले. ‘‘मग कार्डाचा नंबरही त्यालाच सांगायचा. हिच्या पहिल्या वर्षश्राद्धाचे पैसे आहेत. म्हटलं, एवढं तरी आपल्या हाताने करू.’’

मी काय बोलणार?

पुढचे दोन रविवार मी तोडफोड केली. हार्टच्या जागी सरळ शब्दांत ‘देणगी द्या’ असं बटण टाकलं. फोटोंना वर्णन दिलं; नुसतं ‘फोटो’ नाही, तर ‘चटईवर बसून गणितं सोडवणाऱ्या मुली’. फॉर्मच्या प्रत्येक रकान्याला कोडमध्येच नाव जोडलं. सरकणारे फोटो थांबवले. वाकडी अक्षरं काढली. स्पॅम अडवायचे दुसरे मार्ग असतात. क्यूआर कोडखाली यूपीआय आयडी अक्षरांत लिहिला, म्हणजे तो ऐकताही येतो आणि कॉपीही करता येतो.

आपल्याकडची खास गंमत पुढेच आहे. संस्थेचे जुने अहवाल डीटीपीवाल्याच्या जुन्या फॉन्टमध्ये होते. डोळ्यांना मराठी, स्क्रीन रीडरला निव्वळ अगम्य अक्षरं! ते युनिकोडमध्ये आणले. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे तर नुसतं चित्रच, त्यातला मजकूर पुन्हा टाइप केला. पान मराठीत आहे, हे कोडमध्ये सांगितलं, म्हणजे वाचणारा आवाजही मराठी निवडता येतो.

करडी अक्षरंही गडद केली. डब्ल्यूसीएजी हे वेबसाइट सर्वांना वापरता यावी यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष. पहिले 1999 मध्ये आले, 2.2 ही आवृत्ती ऑक्टोबर 2023 मध्ये. साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट किमान 4.5 : 1 हवा, असं ते सांगतात. याचा फायदा फक्त काकांनाच झाला असं नाही. चाळिशी लागलेल्या ताई आणि भर उन्हात मोबाइल बघणारे व्हॉलंटियर, सगळेच म्हणाले, ‘‘आता दिसतंय बाई!’’

आणि हा काही मूठभरांचा प्रश्न नाही. 2011 च्या जनगणनेनुसार देशात 2.68 कोटी अपंग व्यक्ती आहेत. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. 30 एप्रिल 2025 ला तर सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं.

तुम्हीही एखाद्या संस्थेची साइट सांभाळता? मग आज एवढं कराच. माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब दाबत देणगीपर्यंत पोहोचून बघा. पान 200 टक्के मोठं करा. मोबाइलवर टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर लावून डोळे मिटा. आणि शेवटी, स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या माणसाकडून साइट तपासून घ्या. त्याच्या वेळेचे पैसे द्या. चहा-बिस्किटांवर भागवू नका.

काका पुन्हा आले. टॅब, टॅब, एंटर. ओटीपी फोनने वाचून दाखवला. मी खुर्ची जरा मागेच घेऊन बसले होते. पैसे गेले, ई-मेलवर पावती आली. ती इंग्रजीत होती, त्यामुळे काकूंचं नाव मशीनने भलतंच वाचलं. काका मोठ्याने हसले. ‘‘हिला हे अजिबात खपलं नसतं!’’

पावती मराठीत करायची. पुढच्या रविवारचं काम ठरलं.