स्निग्ध पदार्थ आणि हृदयाचे आरोग्य

हृदयविकाराचा विषय निघाला की कोणी तूप वर्ज्य करतो, कोणी अंडे, तर कोणी भात. वास्तविक एकच पदार्थ वर्ज्य केल्याने हृदयाचे रक्षण होत नाही. आहारातील स्निग्ध पदार्थ कोणत्या प्रकारचे आहेत आणि किती आहेत, याला अधिक महत्त्व आहे.

हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. त्याच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांच्या अस्तरात कोलेस्टेरॉल साचू लागले म्हणजे मार्ग अरुंद होतो. अशा ठिकाणी रक्ताची गुठळी झाली की हृदयविकाराचा झटका येतो. कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांपैकी एलडीएल हे रोहिण्यांत साचणारे, म्हणून घातक होत. त्यांचे प्रमाण बऱ्याच अंशी आहारातील स्निग्ध पदार्थांवर अवलंबून असते.

या दृष्टीने वनस्पती तुपाची कथा उद्बोधक आहे. पातळ तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या कृतीचे पेटंट जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ साली घेतले. भारतात १९३७ मध्ये 'डालडा' बाजारात आला आणि पुढे ते नाव वनस्पती तुपाचे जणू सामान्यनामच होऊन बसले. साजूक तूप ज्यांना परवडत नव्हते, त्यांच्या सणासुदीच्या पक्वान्नांची सोय त्याने झाली. परंतु तेल अर्धवट घट्ट करताना त्यात ट्रान्स मेदाम्ले निर्माण होतात. ती एलडीएल वाढवितातच, शिवाय हितकर एचडीएल घटवितात, हे १९९० मध्ये नेदरलंड्समधील संशोधकांनी दाखवून दिले. डेन्मार्कने २००३ मध्ये त्यांवर कायद्याने मर्यादा घातली. भारतात तेले व स्निग्ध पदार्थांतील ट्रान्स मेदाम्लांची मर्यादा जानेवारी २०२१ पासून तीन टक्के आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्के करण्यात आली.

तथापि कायदा स्वयंपाकघरातील कढईपर्यंत पोचत नाही. तेच तेल पुनःपुन्हा कडकडीत तापविल्याने त्याचे विघटन होऊन अपायकारक द्रव्ये तयार होतात. तळणीचे उरलेले तेल काळे पडेपर्यंत वापरणे ही काटकसर महागात पडणारी होय.

मराठी कुटुंबे जेथे जेथे स्थायिक झाली, तेथील तेल त्यांनी आपलेसे केले. गोव्यात खोबरेल तेल, बेळगावच्या बाजूस शेंगदाणा व करडई, ग्वाल्हेरकडे मोहरी. यांपैकी शेंगदाणा, करडई व मोहरी यांच्या तेलांत असंपृक्त मेदाम्ले अधिक असल्याने ती हृदयाला अनुकूल ठरतात. तूप, लोणी व खोबरेल तेल यांत संपृक्त मेदाम्ले अधिक. खोबरेल तेलात तर ती सुमारे नव्वद टक्के असतात. म्हणून त्यांचा वापर बेताने करावा. मात्र तूप कमी करून त्या जागी साखर आणि मैदा वाढविला, तर लाभ होत नाही. ती जागा असंपृक्त तेलांनी, तसेच डाळी, भाज्या आणि शेंगदाण्यांसारख्या तेलबियांनी भरून काढावी.

प्रमाणाचा हिशेब सोपा आहे. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्यास दररोज सुमारे तीस ग्रॅम, म्हणजे पावणेतीनशे कॅलरी येतात. तूप, लोणी व बाहेरचे फरसाण यांची भर निराळीच. पिशवी फोडली त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहून ठेवली, तरी घरातील खप उघड होतो.

यासाठी पुरणपोळीवरचे तूप किंवा आमटीची फोडणी यांना मुकण्याचे कारण नाही. सणाचे पक्वान्न सणापुरते ठेवावे, रोजची फोडणी मोजक्या तेलात करावी आणि तळणीचे तेल पुन्हा तळणीस घेऊ नये. रोहिण्यांतील अडथळा एका दिवसात निर्माण होत नाही. वर्षानुवर्षांच्या जेवणातून तो वाढतो, आणि त्याची वाढ रोखण्याचे कामही रोजच्या स्वयंपाकातच सुरू व्हावे लागते.